तू हानाई म्हणालीस

विनोनाची पिकअप खालच्या वळणावर घरघरली तेव्हा वर्ना सरडीला पाणी पाजत होती. पाजत होती म्हणजे पिंजऱ्यातल्या झुडपावर फवारा मारत होती. ही जात वाटीतलं पाणी पीत नाही. भरलेली वाटी नाकासमोर ठेवा, तहानेने मरेल पण तोंड लावणार नाही. पानावरून थेंब ओघळला पाहिजे, हलला पाहिजे, चमकला पाहिजे, मग बाईसाहेब सावकाश जीभ बाहेर काढणार. सुरुवातीला हे नखरे वर्नाच्या डोक्यात गेले होते. आता मात्र सकाळी स्वतःच्या घशात कॉफीचा घोट जायच्या आधी ती फवारा उचलायची.

इंजिन ओळखीचं होतं. वर्नाने फवारा खाली ठेवला आणि कंबर कसली. विनोना सरडी न्यायला आली होती. वर्ना ती देणार नव्हती. विनोना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ओआहू बेटावर गेली त्याच आठवड्यात तिने हे ठरवून टाकलं होतं, आणि उन्हाळाभर फवारा मारताना, सरडीच्या खाण्यातल्या रातकिड्यांना जीवनसत्त्वाची पूड लावताना, पिंजऱ्याची घाण काढताना ती आजच्या भांडणाची तालीम करत आली होती. नवरा असतानासुद्धा तिने भांडणाची एवढी तयारी कधी केली नव्हती.

विनोना पिकअपमधून उतरली. एक पाय ताठ, हातात काठी, दुसऱ्या हातात गोड पावाचा खोका. भांडायला आली तरी रिकाम्या हाताने आली नव्हती. बेटावरची माणसं खून करायला निघाली तरी वाटेत बेकरीत थांबतील. पण ती पायऱ्या चढून तशीच बुटांसकट व्हरांड्यात आली, आणि वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरसुद्धा इथे चपला दाराबाहेर काढून आत शिरत असेल.

"बूट," वर्ना म्हणाली.

"गुडघा वाकत नाही. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय."

"आणि माझ्या व्हरांड्यात बूट घालून नाचायची परवानगी दिलीय?"

"पाव घे. ताजा आहे." विनोनाने खोका टेबलावर आपटला. "टीटा कुठाय?"

"लोके पाणी पितेय."

"कोण लोके?"

वर्नाने हनुवटीने पिंजऱ्याकडे दाखवलं. माणसाच्या कमरेएवढा उंच जाळीचा पिंजरा, आत कुंडीतलं कॉफीचं झुडूप, आणि त्याच्या आडव्या फांदीवर हिरवी सरडी, शेपटीचं वेटोळं घालून बसलेली. एक डोळा वर्नावर, दुसरा विनोनावर. दोघींना एकदम बघणारं त्या घरात तेवढंच एक होतं.

"नाव बदललंस?" विनोनाचा आवाज चढला. "माझ्या सरडीचं नाव बदललंस तू?"

"टीटा हे काय नाव झालं? बंदरावर मारामाऱ्या करणाऱ्या बाईला म्हणतात टीटा. लोके म्हणजे गुलाब. ओ देते ती."

"सरड्यांना कान नसतात, वर्ना."

"म्हणून तर तुझ्याकडे टिकली इतकी वर्षं."

विनोनाने पिंजऱ्याच्या दारावर हात ठेवला आणि सरडीचा रंग गेला. पाठीवरून काळपट डाग फुटत फुटत पोटापर्यंत उतरले. दोघींनी ते पाहिलं आणि दोघींनी एकाच वेळी तोंड उघडलं.

"बघ, मला सोडून जायचं नाही तिला," वर्ना म्हणाली.

"बघ, किती राग आलाय तिला तुझा," विनोना म्हणाली.

मग विनोनाने काठी टेबलाला टेकवली. "हे बघ, मला उन्हं चढायच्या आत हायकूला घरी पोचायचंय. पिंजरा उचलायला हात दे. सांभाळलंस, उपकार झाले, विषय संपला."

"परत कशाला देऊ? तू हानाई म्हणालीस."

शेवटी गोष्ट तिथेच आली. या बेटांवर हा एक शब्द असा आहे की त्याने घरं वसवली आहेत आणि मोडलीही आहेत. हानाई म्हणजे खायला घालणं. आणि हानाई म्हणजेच दुसऱ्याचं लेकरू ओटीत घेऊन आपलं म्हणून वाढवणं. कागद नाही, वकील नाही, नुसता शब्द. पहिल्या अर्थाने दिलेली वस्तू परत मागता येते. दुसऱ्या अर्थाने दिलेलं लेकरू परत मागणाऱ्या बाईला लोक फाटकाच्या आत घेत नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी विनोना पिंजरा घेऊन आली होती, विमान चुकेल म्हणून घायकुतीला आलेली. पुडीत पूड, डब्यात रातकिडे आणि तोंडात हुकूम: दुपारचं ऊन नको, जाळी घट्ट लाव, हातात उगाच घेऊ नकोस, ती काय मांजर नाही. शेवटी पिकअपमध्ये बसता बसता म्हणाली, "मी येईपर्यंत हानाई कर हिला." वर्नाने "मी येईपर्यंत" सोडून दिलं आणि उरलेलं जपून ठेवलं.

कारण तो शब्द वर्नाच्या अंगावर लहानपणापासून चिकटलेला होता. ती स्वतः हानाई. जन्म देणारी इडा, खाली केआनेला तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, खाचरात गुडघाभर चिखलात राबणारी. वाढवणारी इडाची थोरली बहीण ब्लॉसम, इथे वर कुलाला, याच घरात, खिडक्यांना पडदे लावून राहणारी. वर्ना ब्लॉसमला मम्मी म्हणायची आणि सख्ख्या आईला आंटी इडा. वर्ना दुपट्यात होती तेव्हा तिला इडाने देऊन टाकलं. नंतर झालेल्या विनोनाला मात्र जवळ ठेवलं. एवढंच वर्नाला माहीत होतं आणि एवढं तिला आयुष्यभर पुरलं. आंटी इडा वर्षातून एकदोनदा तारो कुटून केलेल्या पोईचं भांडं घेऊन यायची, पायरीवर बसायची आणि तिला पोरीचं नावसुद्धा धड घेता यायचं नाही. काहीतरी हिइलेइ की काय म्हणायची. ब्लॉसम आतून म्हणायची, "वर्ना. तिचं नाव वर्ना आहे, इडा." मग आंटी इडा मान खाली घालायची. पोटची पोर देऊन टाकली ती टाकली, वर नाव लक्षात ठेवायचेही कष्ट नकोत, याचा राग वर्नाने साठी उलटली तरी सोडला नव्हता.

तर आता तिच्या हातात तो शब्द होता, आणि विनोनाच्याच तोंडून निसटलेला. शिवाय खरं सांगायचं तर तिला ती सरडी हवी होती. आधी सूड म्हणून ठेवून घ्यायची होती, मग नुसतीच हवीशी झाली. मुलगा लास व्हेगासला स्थायिक, महिन्यातून एकदा फोनवर हवापाणी विचारणारा. घरात सकाळी कोणीतरी वाट बघतंय ही गोष्ट तिला नवी होती. सरडीने पहिल्यांदा तिच्या बोटावरचा रातकिडा जिभेने टिपला तेव्हा वर्ना एकटीच मोठ्याने हसली होती आणि आपल्याच आवाजाने दचकली होती.

"मी खायला घाल म्हणाले होते," विनोना दातओठ खात म्हणाली.

"तू हानाई म्हणालीस."

"अगं, सरडी आहे ती! सरडीला कोण हानाई घेतं?"

"तेच. पोरं देऊन टाकणाऱ्यांच्या घरात सरड्याची काय कथा."

"वर्ना, जीभ आवर."

"तू हानाई म्हणालीस. शब्द दिला की दिला."

जास्वंदीच्या कुंपणात खसफस झाली आणि क्लॅरेन्स तोकुनागा हातात कांद्यांची जुडी घेऊन आत आला. शेजारी कांद्याची शेती, घरात बायको नाही, टीव्ही बिघडलेला. दुसऱ्याच्या भांडणाची त्याला फार गोडी. कांदे हे नुसतं निमित्त.

"अंकल क्लॅरेन्स," वर्ना लगेच म्हणाली, "हानाई दिलेलं परत मागतात का?"

"छे! कोण मागतंय?"

"ही."

"अंकल, हिला फक्त खायला घालायला सांगितलं होतं," विनोना म्हणाली. "मग तेही हानाईच की नाही?"

"तेही हानाईच," क्लॅरेन्सने मान डोलावली. न्यायनिवाडा करायला मिळाला की त्याच्या पाठीचा बाक जायचा. "माझी आजी कोंबड्यांना हानाई करायची, पण म्हणून त्यांना आडनाव नव्हतं दिलं. थांबा, बघू तरी." तो पिंजऱ्याशी ओणवा झाला, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ बघत राहिला. "कोणाची का असेना, पोटुशी आहे ही."

दोघी एकदम पिंजऱ्याकडे सरकल्या.

"जाडी झालीय," विनोना म्हणाली. "हिने कोंबलंय तिला."

"तुझ्याकडे उपाशी होती म्हणून जाडी वाटतेय," वर्ना म्हणाली.

"अहो, पोट बघा दोन्ही बाजूंनी कसं गाठीगाठींनी फुगलंय. पिल्लं आहेत ती. ही जात अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं टाकते. माझ्या कुंपणात दर वर्षी बघतो मी."

विनोना गर्रकन वळली. "तुझ्या कुंपणात? वर्ना, तू तिला बाहेर सोडत होतीस?"

"सकाळच्या कोवळ्या उन्हात संत्र्याच्या झाडावर. समोर बसून राहायचे मी."

"आणि याच्या कुंपणात तीन शिंगांचे नर उंडारतायत! माझी सरडी तुझ्याकडे विश्वासाने ठेवली आणि तू..."

"विश्वासाने म्हणे! अंकल, तुम्ही सांगा, एवढं पोट एका उन्हाळ्यात येतं का?"

क्लॅरेन्सने बोटांवर काहीतरी मोजायचं नाटक केलं. "नाही बुवा. फार सावकाश वाढतात. ही आली तेव्हाच भरलेली असणार."

वर्ना इतक्या जोरात हसली की सरडी आणखी काळी पडली. "घ्या! पोटुशी पोर दुसऱ्याच्या दारात टाकून गेली आणि हिला पत्ताही नाही. रक्तातच आहे तुमच्या."

विनोनाचे ओठ पांढरे झाले. पण ती काही बोलायच्या आत क्लॅरेन्सचं ज्ञान उतू गेलं. "पिल्लं झाली की लगेच वेगळी करा हं. आईला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. एकेक टाकत फांदीवरून पुढे जाते, मागे वळून बघतही नाही. कधी कधी तर खातेसुद्धा."

"मला नका सांगू," वर्ना म्हणाली. "टाकायचं आणि चालू लागायचं. मला ठाऊक आहे ती जात. आमची आंटी इडा तीच."

विनोनाची काठी टेबलावर इतक्या जोरात बसली की पावाचा खोका उडाला. क्लॅरेन्सने कांदे पायरीवर ठेवले आणि आल्या वाटेने कुंपणापलीकडे गेला. घरात गेला नाही. जास्वंदीच्या मागे त्याची टोपी दिसत राहिली.

"आई म्हण," विनोना म्हणाली. "एकदा तरी आई म्हण तिला."

"का म्हणू? मला दिलं तिने. तुला ठेवलं."

"नव्हतं दिलं!"

"काय?"

विनोना खुर्ची शोधत होती. खुर्ची मिळाली नाही तशी ती पायरीवरच बसली, ताठ पाय पुढे पसरून, वर्नाकडे पाठ करून. बोलली ती समोरच्या फाटकाकडे बघत, आणि त्यात प्रेमाचा लवलेश नव्हता. भांडणात हाताला लागेल ते फेकून मारतात, तसं तिने हे फेकलं.

"तिला खोकल्यातून रक्त पडायला लागलं होतं. वरच्या क्षयाच्या इस्पितळात न्यायला गाडी आलेली. तुला दुपट्यात गुंडाळून तिने आंटी ब्लॉसमच्या हातात दिलं आणि म्हणाली, हानाई कर हिला. खायला घाल, असं म्हणाली होती ती! मी बरी होऊन येईपर्यंत खायला घाल. केआनेला आमच्या घरात हाच शब्द. डुकरांना हानाई केलं का, कुत्र्याला हानाई केलं का. तिला दुसरा शब्दच सुचला नाही. आणि ब्लॉसम कुलाला राहून चर्चच्या बायकांत वावरलेली, घरात इंग्रजी बोलणारी, पोटी मूल नाही. तिला जे ऐकायचं होतं तेच तिने ऐकलं."

"खोटं बोलतेस."

"आई बरी झाली. इस्पितळातून केआनेला गेलीच नाही, उतारावरून चालत आधी इथे आली. त्या फाटकाशी. आणि ब्लॉसम इथे, या व्हरांड्यात उभी होती. म्हणाली, तू हानाई म्हणालीस, इडा. शब्द दिला की दिला."

वर्नाने फाटकाकडे पाहिलं.

"सकाळपासून तेच म्हणत्येस तू," विनोना म्हणाली. "त्याच व्हरांड्यात. आवाजसुद्धा तिचाच काढलास."

"मग भांडली का नाही ती? तू आलीस तशी काठी घेऊन का नाही आली?"

"कोणाच्या जिवावर? सगळं गणगोत ब्लॉसमच्या बाजूने. तुझ्याकडे बूट होते, तुला दूध मिळत होतं. आईकडे काय होतं, चिखल आणि खोकला. आजोबा म्हणाले, दिलेलं मूल मागून घराण्याला बट्टा लावू नकोस. ती परत फिरली. त्या दिवशी ब्लॉसमने तुला दाखवलंसुद्धा नाही, मागच्या खोलीत निजवलेलं होतं म्हणे."

वर्नाला मागची खोली माहीत होती. तिथे ती अजून झोपायची. तिने पिंजऱ्याची कड धरली. तिला म्हणायचं होतं की हे सगळं रचलेलं आहे, सरडी नेण्यासाठी केलेला कांगावा आहे. विनोना काय वाटेल ते करेल. पण एक गोष्ट तिच्या मनात खुपत वर येत होती आणि ती विनोनाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"हिइलेइ म्हणजे काय?" तिने विचारलं.

विनोनाने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. "तुझं नाव. आईने ठेवलेलं. कवेत घेतलेलं मूल, असा अर्थ आहे. ब्लॉसमला ते गावठी वाटलं म्हणून तिने वर्ना केलं."

नाव चुकत नव्हती ती. पोईचं भांडं मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली ती बाई दर खेपेला तेच एक नाव घेत होती, आणि वर्ना, पायात पांढरे बूट घातलेली पोर, ब्लॉसमच्या सुरात सूर मिसळून म्हणायची, "वर्ना! माझं नाव वर्ना आहे, आंटी इडा." मोठी झाल्यावर तर हसायचीसुद्धा. वर्नाला ते हसू आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली.

"तुला हे कधीपासून माहीत?"

"आई आजारी पडली त्या शेवटच्या हिवाळ्यापासून."

"किती वर्षं झाली त्याला! आणि तू माझ्याकडे येत होतीस, जेवत होतीस, माझे टोमणे ऐकत होतीस..."

"ऐकत होते."

"एका शब्दाने बोलली नाहीस!"

"नाही बोलले." विनोना उठायचा प्रयत्न करत होती, तिला जमत नव्हतं, आणि वर्नाने हात दिला नाही. "का बोलू? तुझ्याकडे बूट, तुझ्याकडे सायकल, तुझ्या खिडकीला पडदे. माझ्याकडे काय होतं? आई. तीसुद्धा पुरती नाही. माझी वेणी घालताना तुला हाक मारायची. घरात काही गोड केलं की आधी तुझ्या नावाने बाजूला काढायची, मग ते तीन दिवस पडून राहायचं आणि मग मला मिळायचं, वाळलेलं. तुला वाटत होतं ना, तुला टाकलं आणि मला ठेवलं? वाटू दे म्हटलं. जगात एक माणूस तरी होता ज्याला मी आईची लाडकी वाटत होते. हे सांगून टाकलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

वर्नाला तिचा गळा धरावासा वाटला. खरोखरच धरावासा वाटला; हात नुसते शिवशिवले नाहीत, पुढे आले. आई जिवंत होती तेव्हाच हे समजलं असतं तर? एक दिवस मिळाला असता तरी तिने केआनेपर्यंत अनवाणी जाऊन त्या म्हातारीचे पाय धरले असते. ती संधी या बाईने वाळलेल्या गोडाच्या तुकड्यासाठी खाऊन टाकली होती. आणि ब्लॉसमने? जिने ताप आला की उशाशी बसून रात्री काढल्या, त्या ब्लॉसमवर चिडायचं तरी कोणत्या तोंडाने. आत्ता पाच मिनिटांपूर्वी वर्ना स्वतः त्याच व्हरांड्यात उभी राहून तेच वाक्य म्हणाली होती. वर तिला मजा वाटत होती.

पिंजऱ्यात सरडी फांदीच्या टोकाशी गेली होती, दोघींपासून जितकं लांब जाता येईल तितकं. अजून काळीच होती.

"ऊठ," वर्ना म्हणाली.

"उठता येत नाहीये, दिसत नाही का?"

वर्नाने तिला काखेत हात घालून उठवलं, पोतं उचलावं तसं, आणि लगेच सोडलं. मग आत जाऊन एक जुनी चादर ओली करून आणली, पिळली आणि पिंजऱ्यावर टाकली.

"पिंजरा एका बाजूने धर. तिरका करू नकोस, पोट आहे तिला."

"मला शिकवू नकोस."

"तुला पोट दिसलं नाही, तुला शिकवायला हवंच. रातकिडे लहान दे आता. पूड रोज नको, चिमूटभर, आठवड्याने. गळ्याखाली सूज आली तर पूड बंद. पिल्लं झाली की त्याच दिवशी वेगळी काढ, पण तिला दोष देऊ नकोस. तिची जात तशी आहे."

"मी कधी दिला दोष? तूच बोललीस."

"मीच बोलले," वर्ना म्हणाली.

दोघींनी पिंजरा उचलला. विनोनाला पायऱ्या उतरताना काठी धरता येईना, म्हणून वर्ना उलटी उतरली, सगळं वजन स्वतःच्या अंगावर घेत, आणि प्रत्येक पायरीवर दोघी एकमेकींना शिव्या हासडत होत्या. पिंजरा पिकअपच्या पुढच्या बाकावर बसला. वर्नाने पट्टा आवळून लावला. चादरीची कड उचलून आत पाहिलं. सरडीचा एक डोळा फिरला आणि तिच्यावर येऊन थांबला.

"टीटा," वर्ना तिला म्हणाली. "टीटाच तुझं नाव."

मागे जाऊन तिने पायरीवरची कांद्यांची जुडी उचलली आणि विनोनाच्या मांडीवर टाकली. भांडण झालं म्हणून कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

विनोना स्टिअरिंगमागे बसली होती, ताठ पाय कसाबसा आत ओढून. गाडी सुरू केली, पण हलवली नाही. "पिल्लं झाली की दोन आणून देते," ती पुढच्या काचेतून बघत म्हणाली.

"देते म्हणजे कसं? खायला घालायला की ठेवायला?"

"ठेवायला."

"नीट बोल. इथे शब्दांचे काय वाटेल ते अर्थ होतात."

"ठेवायला, ठेवायला! तुझी. परत मागणार नाही. आणखी कसं सांगू?"

"ऐकलं मी," कुंपणामागून क्लॅरेन्स म्हणाला.

"तुम्ही घरात जा, अंकल!" दोघी एकदम ओरडल्या.

टोपी खाली गेली. उतारावरून वारा आला, थंड, युकॅलिप्टसच्या वासाचा, आणि चादरीची कड फडफडली. वर्ना खिडकीवर हात ठेवून उभी होती. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. विनोनाला कधी माफ करणार नाही, असं म्हणायचं होतं आणि ते खरंही होतं. आई शेवटच्या दिवसांत काय खात होती, कोण भरवत होतं, हेही विचारायचं होतं. त्याऐवजी तिने हात आत घालून चादरीची कड खोचली. विनोनाने काच वर घ्यायचं बटण दाबलं, काच वर्नाच्या बोटांना लागली आणि थांबली.

"हात काढ ना, हिइलेइ," विनोना खेकसली. "तिला वारं लागतंय."

आईच्या मागे ते नाव कोणी घेतलं नव्हतं. खेकसून तर कधीच नाही. आईने ते नेहमी भीत भीत घेतलं होतं, दुसऱ्याच्या पायरीवर बसून.

"काय म्हणालीस?" वर्नाने विचारलं.

तिला नीट ऐकू आलं होतं.